रात्री दोन वाजता जागे कोण?

(पालिका निवडणुकीसाठीच्या मागणीपत्राचा मसुदा मंडळाच्या मासिक सभेत चर्चेला आला, त्या वेळी एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हाला उभे केले ते आम्ही वक्ते आहोत म्हणून नव्हे. आमची तेवीस वर्षे बँकेच्या काउंटरवर गेली. बी.कॉम. झालेली माणसे, आकडेमोड बरी जमते, भाषण जमत नाही. पण मागणीपत्राच्या मसुद्यात सातव्या क्रमांकावर एक ओळ आहे, 'इंदूर शहरातील मराठी ज्येष्ठ नागरिकांसाठी भव्य व सुसज्ज वृद्धनिवास उभारण्यात यावा.' त्या ओळीला आमची हरकत आहे, आणि ती का, हे सांगण्यासाठी वीस मिनिटे मागून घेतली आहेत.

'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको आणि उज्जैनला दिलेली धाकटी बहीण. आईच्या बाबतीत जे काही केले ते तिघांनी मिळून केले. चुका झाल्या त्याही तिघांच्याच.

आमचे घराणे होळकरशाहीपासून इथले. वडील वीज मंडळात होते, ते 2016 मध्ये गेले. आई मागे राहिली. सुरुवातीला सगळे ठीक होते. मग गॅस सुरू ठेवून देवळात जाणे झाले, दुधवाल्याला एकाच दिवसात तीनदा पैसे देणे झाले, आणि एका दुपारी ती राजवाड्यापाशी उभी राहून देवासची गाडी कुठून सुटते ते विचारत होती. देवास तिचे माहेर. माहेरी आता कोणी नाही. आम्ही दोघेही नोकरीला, मुलगी कॉलेजात. दिवसाची बाई ठेवली, ती दोन महिन्यांत गेली. दुसरी ठेवली, ती पंधरा दिवसांत. शेवटी 2022 मध्ये निर्णय घेतला.

तो निर्णय झाल्यावर आपल्याच समाजातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हळदीकुंकवाच्या दारात आमच्या सौभाग्यवतीला विचारले, "काय हो, सासूबाईंना टाकलंत म्हणे?" त्यांचे नाव घेत नाही. ते सभेला आले असतील तर त्यांनी हे भाषण पूर्ण ऐकावे, एवढीच विनंती.

पहिल्यांदा आम्ही आईला जिथे ठेवले ती संस्था मोठी होती. बायपासच्या पलीकडे, साठ खोल्या, लिफ्ट, संगमरवरी फरशी, दर्शनी भागात देऊळ, मागे बाग. मसुद्यातला 'भव्य व सुसज्ज' हा शब्दप्रयोग तिला चपखल बसेल. आम्ही ती पाहायला गेलो रविवारी सकाळी अकरा वाजता. बागेत ऊन होते, आजी-आजोबा खुर्च्यांवर बसले होते, कार्यालयात चहा मिळाला. बँकेत कर्जाची फाइल आली तर आम्ही तारण दोनदा तपासतो. आणि आई ठेवायच्या जागेबद्दल आम्ही विचारले काय, तर जेवणात लसूण-कांदा असतो का आणि खोलीत टीव्ही आहे का.

पाचव्या महिन्यात आई पहाटे तीनच्या सुमारास न्हाणीघरात पडली. घंटेचे बटण पलंगाच्या उशाशी होते, न्हाणीघरात नव्हते. फाटकावर चौकीदार होता. दोन मजल्यांना मिळून एक रात्रपाळीची बाई होती, ती खालच्या मजल्यावर झोपली होती. सव्वासहाला चहा घेऊन माणूस आला तेव्हा आई सापडली. तीन तास ओल्या फरशीवर. खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, आई वाचली, पण त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही आणि बोलण्यातली हिंदी जवळजवळ गेली. संस्थेने दिलगिरीचे पत्र दिले. छापील लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी.

आम्ही भांडलो नाही. भांडून काय मिळवायचे होते? पण तेव्हापासून कुठल्याही अशा जागेबद्दल आमचा पहिला प्रश्न ठरून गेला, रात्री दोन वाजता जागे कोण असते?

हाडांच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या मुलाने आम्हाला एका छोट्या घराचा पत्ता दिला. सुदामा नगरच्या बाजूला भाड्याचा बंगला. दारावर पाटीसुद्धा नव्हती. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर ते चालवतात, त्यांना सगळे ताई म्हणतात. चौदा माणसे, नऊ बायका आणि पाच पुरुष. रंग उडालेल्या भिंती. आम्ही तोच प्रश्न विचारला. ताई म्हणाल्या, "या ना बघायला. फक्त फाटक वाजवू नका, फोन करा, माणसं जागी होतात."

आम्ही खरोखरच गेलो. देवासचे एक लग्न आटोपून परतताना रात्री पावणेदोनला. एक बाई जागी होती, बारीक आवाजात रेडिओ लावून. बरोबर दोन वाजता ती उठली आणि कोपऱ्यातल्या खोलीत गेली. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. तिने त्यांना हलक्या हाताने डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर केले, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली, पाठीवर हात फिरवून कातडी पाहिली, चादर ताणून सुरकुती काढली आणि भिंतीवरच्या कागदावर दोनच्या रकान्यात खूण केली. त्याच्या वर दहा आणि बाराच्या खुणा होत्या. खाली चार आणि सहाचे रकाने रिकामे. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी जखम होते, आणि म्हातारपणी ती जखम भरायला महिने लागतात, कधी भरतही नाही. काकांना तिथे दीड वर्ष झाले होते आणि पाठीवर एक जखम नव्हती. आम्ही दुसऱ्या दिवशी आईचे सामान हलवले.

आता तिथला दिवस कसा जातो ते थोडे सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात वृद्धनिवास म्हणजे एक तर तुरुंग, नाही तर हिंदी सिनेमातला रडका प्रसंग असतो. तिथे दोन्ही नाही. साडेपाचला चहा, मग अंघोळीचे पाळीपाळीने काम. अंघोळ हे तिथले सगळ्यात अवघड काम आहे. ज्या बाईने आयुष्यभर पदर ढळू दिला नाही तिला परक्या माणसाने न्हाऊ घालायचे. ताईंचा नियम असा की अंगावर एक पंचा शेवटपर्यंत राहिलाच पाहिजे, आणि पाणी घालण्यापूर्वी ते आजींच्या हातावर ओतून दाखवायचे. साडेआठला पोहे, पण भिजवून मऊ केलेले, शेव वरून नाही. इंदूरच्या माणसाला शेवेशिवाय पोहे, यावरून तिथे रोज कुरबूर होते. जेवताना सरळ बसवतात आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देत नाहीत, म्हणजे घास श्वासनलिकेत जात नाही. म्हातारपणी तहान कळत नाही, म्हणून दुपारी पाणी मागण्याची वाट न पाहता फिरते तांबे असतात.

सगळ्यात कठीण वेळ दिवेलागणीची. संध्याकाळचे पाच वाजले की आई उठून दाराशी जाते. "मला घरी जायचंय. दिवा लावायचाय." पहिल्या महिन्यात आम्ही तिला समजावत असू की हेच घर, इथेच राहायचे. ती रडायची, मग आम्ही रडायचो. ताईंनी आम्हाला बाजूला घेतले. "तिला खोटं पाडू नका. तिला काम द्या." त्यांनी कापसाची टोपली आणली. आता पाच वाजले की आई वाती वळत बसते. दुसऱ्या दोघी आजीही बसतात. शेजारपाजारची तीन देवळे आता तिथल्याच वाती वापरतात. फुलवाती आईला अजून येतात. आमचे नाव मात्र तिला रोज येत नाही.

इथे भाषेची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हे मराठी मंडळ आहे आणि आपण भाषेबद्दल नेहमी फार वरच्या पट्टीत बोलतो. आई इंदुरात जन्मभर भाजीवाल्याशी, शेजारणींशी हिंदीत बोलली. आपले सगळ्यांचे तसेच आहे. आपली मराठीच अर्धी हिंदी. पण स्मृती जायला लागली की शेवटी शिकलेले आधी जाते. नंतर शिकलेली भाषा पुसत जाते, लहानपणची राहते. आईची हिंदी गेली आणि देवासच्या वाड्यातली मराठी राहिली. तिथल्या कामाच्या बायका खरगोन-धारकडच्या, निमाडी बोलणाऱ्या. गुणी आहेत, पण मराठी येत नाही.

एकदा दोन दिवस आई सारखे म्हणत होती, "कळ येतेय, कळ येतेय." बाईला ऐकू आले 'कल'. तिला वाटले, मुलगा कधी येणार ते विचारतात. ती प्रेमाने म्हणायची, "हाँ माँजी, कल आएँगे." दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आमची बहीण उज्जैनहून आली, तिने ऐकले, पोटावर हात ठेवला तर आई कळवळली. लघवीचा जंतुसंसर्ग होता, ताप चढायला लागला होता. यात त्या बाईचा काही दोष नाही. ताई मराठी समजतात, पण त्या दोन दिवस गावाला गेल्या होत्या.

त्यानंतर आमच्या मुलीने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहून दिले. कळ म्हणजे दर्द. मळमळ, ढवळणे म्हणजे जी मिचलाना. कोरड म्हणजे प्यास. गरगरणे म्हणजे चक्कर. हुडहुडी म्हणजे ठंड से काँपना. असे बावीस शब्द. तो पुठ्ठा स्वयंपाकघरात टांगला आहे. त्या घरात चौदापैकी सहा माणसे मराठी आहेत, एक काकू तर थेट ग्वाल्हेरच्या. मराठीसाठी आपण अधिवेशने घेतो, ठराव करतो, ते करावेच. पण इंदुरात मराठीची निकड कुठे आहे असे कोणी विचारले तर आम्ही त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवू.

आता हिशेब. ताईंनी आम्हाला वही दाखवली. आमचा पेशा माहीत असल्याने दोन वेळा बेरीज करून घेतली. अकरा जण महिना सोळा हजार देतात, तिघांना परवडत नाही म्हणून ते आठ हजार देतात. जमा दोन लाख. बंगल्याचे भाडे चाळीस हजार. सहा कामकरी बायका, प्रत्येकी तेरा हजार, म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजार. स्वयंपाक आणि झाडलोट अठरा हजार. किराणा, दूध, भाजी, गॅस अठ्ठेचाळीस हजार. वीज आणि धुलाई नऊ हजार. जखमा बांधायला, सुया द्यायला येणारी परिचारिका सहा हजार. खर्च एक लाख नव्व्याण्णव हजार. उरले एक हजार. ताईंचा स्वतःचा पगार यात नाही, त्या आपल्या पेन्शनवर राहतात. सहा बायकांपैकी रात्रीच्या दोघी. एकीची सुट्टी असेल त्या रात्री चौदा माणसांना एकच. 'आणखी एक ठेवा' असे सांगणे सोपे आहे. तेरा हजार कुठून आणायचे, ते वहीत कुठेच दिसत नाही.

आणि आता घरमालकांनी बंगला विकायचे ठरवले आहे. पुढच्या वर्षाच्या आत जागा सोडायची आहे. ताई अकरा ठिकाणी जाऊन आल्या. म्हातारी माणसे ठेवणार म्हटले की घर मिळत नाही. एका मालकाने सरळ सांगितले, "इथे रोज अँब्युलन्स येईल, मग शेजारी माझ्याकडे येतील." हे सांगणारे गृहस्थ स्वतः पंचाहत्तरीचे.

सरकार याबाबत काय करते, असे आपण विचाराल. 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा आहे. त्याच्या 19 व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन करू शकेल, अशी तरतूद आहे. 'करू शकेल', 'करील' नव्हे. बँकेत या दोन शब्दांतला फरक आम्हाला फार लवकर शिकवतात. शिवाय ती निराधारांसाठी. वीज मंडळाच्या कुटुंब पेन्शनवर जगणारी आमची आई निराधार नाही, आणि बंगळुरू-पुण्याच्या पंचतारांकित निवासांत परवडणारीही नाही. आपली बहुतेक जुनी मराठी घराणी याच मधल्या पट्टीत आहेत. केंद्राने 2019 च्या डिसेंबरात लोकसभेत याच कायद्याची दुरुस्ती मांडली होती. तीत ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा यांच्या तरतुदी होत्या, आणि पोटगीची महिना दहा हजारांची कमाल मर्यादा काढायची होती. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक व्यपगत झाले. त्यासाठी कुठे मोर्चा निघाल्याचे आम्ही पाहिले नाही. आम्हीही काढला नाही.

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयाचे उपचार मिळतात. चांगली योजना आहे, कार्ड काढले नसेल तर काढा. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसारख्या खर्चाला ते आता लागू होईल. तिला पडू न देणारी बाई मात्र त्या कार्डात बसत नाही.

आपल्या शहराबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण 29 जानेवारी 2021 ला काय झाले ते विसरू नये. भर थंडीत पालिकेच्या गाडीत बेघर म्हाताऱ्यांना घालून शहराबाहेर क्षिप्रा गावापाशी उतरवून दिले. गावकऱ्यांनी अडवले, चित्रफीत देशभर गेली, तेव्हा त्यांना परत आणले. अधिकारी निलंबित झाले. आम्ही तेव्हा फार संतापलो होतो. नंतर लक्षात आले की ती माणसे रस्त्यावर होती म्हणून दिसली तरी. बंद दारामागे ओल्या फरशीवर तीन तास पडलेल्या माणसाची चित्रफीत निघत नाही.

2025 मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. हार, मिरवणुका, भाषणे झाली, आपल्या मंडळानेही केली. बाईंनी धर्मशाळा बांधल्या हे प्रत्येक वक्त्याने सांगितले. पण नुसती इमारत बांधून धर्मशाळा चालत नाही, तिथे माणसे नेमावी लागतात, त्यांची नेमणूक चालू ठेवावी लागते. ते कोणाच्याच भाषणात आले नाही.

थोडे बँकेचे बोलतो, कारण सभा संपल्यावर जिन्यात लोक तेच विचारतात. लवकर आटोपतो. हात थरथरतो, सही जुळत नाही, म्हणून म्हातारी माणसे मुलाच्या हाती सही केलेले कोरे चेक देऊन ठेवतात. देऊ नका. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेचा हा जुना नियम आहे. शाखेत 'असं काही नसतं' म्हणाले तर व्यवस्थापकांना भेटा. सत्तरीपुढच्या आणि अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये बँकांना सांगितले आहे. नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याला आईच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. भांडी घासून, वाती वळून बोटे गुळगुळीत झालेली. 2021 पासून चेहऱ्यावरून दाखला निघतो, मोबाइलवर. आम्ही तो त्या घरातल्या पाच जणांचा एका दुपारी काढला.

आणि घर मुलाच्या नावावर करण्याची घाई करू नका. आम्ही स्वतः मुलाच्या बाजूला असूनही हे सांगतो. मृत्युपत्र करा. करायचेच असेल दानपत्र, तर त्यात सांभाळ करण्याची अट स्वच्छ शब्दांत लिहा. सांभाळ झाला नाही तर 2007 च्या कायद्याच्या 23 व्या कलमाने ते दानपत्र रद्द करून घेता येते. आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका मातेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी तिचे दानपत्र रद्द ठरवून घर तिला परत द्यायला सांगितले. पण तिला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही लक्षात ठेवा.

तर आता सातवी मागणी. 2022 च्या निवडणुकीतही आपण हीच ओळ दिली होती, अक्षरशः हीच. उमेदवारांनी मान डोलावली. भव्य इमारत हे आश्वासन देणाऱ्याला फार सोयीचे असते. भूमिपूजन करता येते, नारळ फोडता येतो, कोनशिलेवर नाव येते. रात्रपाळीच्या बाईच्या पगाराची कोनशिला बसवत नाहीत. आणि समजा, इमारत झालीच, तर तिचा पुढे बायपासच्या पलीकडचा तो संगमरवर होणार नाही कशावरून?

आमची सूचना अशी की ती ओळ खोडावी आणि तिच्या जागी असे लिहावे. शहरात पाच असोत वा पन्नास, जिथे पैसे घेऊन वा न घेता म्हातारी माणसे ठेवली जातात त्या प्रत्येक घराची पालिकेने नोंद करावी. नोंदीत खोल्यांची संख्या नंतर, रात्रपाळीला किती माणसे आहेत ते आधी लिहावे. तपासणी एकदा तरी रात्री व्हावी. वीसपेक्षा कमी माणसांच्या अशा घरांना मालमत्ता कर आणि पाणीपट्टी राहत्या घराच्या दराने असावी. आणि पालिकेच्या ज्या छोट्या इमारती कुलूप लावून पडल्या आहेत, त्यातली एखादी दीर्घ मुदतीच्या भाड्याने अशा कामाला द्यावी. ताईंनाच द्या असे आम्ही म्हणत नाही. तशी आमची अपेक्षा असती तर आम्ही ती झाकून बोललो नसतो, वर सांगितलेच आहे की आमची आई तिथे आहे.

2027 मध्ये निवडणूक होईल. पंच्याऐंशी प्रभागांत जो कोणी मत मागायला आपल्या दारात येईल त्याला ही मागणी वाचून दाखवायची नाही. त्याला एवढेच विचारायचे, तुमच्या प्रभागात अशी घरे किती, आणि त्यातल्या एकात तरी तुम्ही रात्री गेला आहात का? उत्तर काय येते ते मंडळाच्या पत्रिकेत उमेदवाराच्या नावासह छापावे. कोणत्याही पक्षाचा असो.

हे झाले त्यांच्याकडून घ्यायचे. मराठी बोलायला मात्र पालिका माणूस पाठवणार नाही, ते आपल्यालाच करावे लागेल. आणि आपल्या विश्वस्त संस्थांच्या नावावर या शहरात किती वाडे, किती धर्मशाळा, किती बंद हॉल आहेत, याची यादी कार्यकारिणीने पुढच्या सभेत मांडावी अशी आमची लेखी विनंती आहे. ती कार्यवाहांकडे आजच दिली आहे. घरमालकांना नावे ठेवण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या कुलपांकडे पाहिलेले बरे. एका वाड्यात वर्षाकाठी गणपतीचे दहा दिवस सोडले तर कबुतरे राहतात. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नाव घेत नाही.

सहा मराठी माणसे त्या घरात आहेत. कोणीतरी तासभर जाऊन बसावे, एवढेच हवे आहे. काही न्यायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, भजनी मंडळाने पेटी-तबला घेऊन जायचे नाही. एकदा एक मंडळी गेली होती, अर्धांगाचे काका दोन तास कानावर हात घ्यायचा प्रयत्न करत होते. नुसते बसायचे. वाती वळता आल्या तर वळायच्या. आईला देवासबद्दल विचारा, ती सांगेल. तीच गोष्ट तीनदा सांगेल, तिसऱ्यांदाही ऐकायची. आणि जाताना बाईला विचारायचे की आज कोणी काही दुखते म्हणाले का, आणि काय शब्द वापरला.

आम्ही एक वही केली आहे, ती दाराशी टेबलावर ठेवली आहे. वार आणि वेळ लिहिलेली आहे, आपले नाव व फोन नंबर लिहायचा. रविवारी आम्ही जातो, गुरुवारी बहीण येते. सोमवार एका निवृत्त मास्तरांनी घेतला आहे. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार रिकामे आहेत. शक्यतो संध्याकाळी पाचची वेळ घ्यावी.